पांढऱ्या डागांचा नकाशा

घर सोडायची नोटीस मला आयुष्यात एकदाच मिळाली, आणि ती नकाशासकट मिळाली. राजाजीनगरच्या त्या घराचा हॉल ट्रेसिंग पेपरवर काढलेला होता. एका फुटाला एक इंच असं प्रमाण, उत्तर दिशेचा बाण, माझ्या खोलीचं दार, बाहेरचं दार, आणि त्या दोन दारांच्या मध्ये एकोणीस बारकी वर्तुळं. प्रत्येक वर्तुळाला नंबर. उजव्या कोपऱ्यात चौकट आखून सुबक अक्षरांत लिहिलं होतं : 'जमिनीवरील रांगोळीचे डाग. जबाबदार : भाडेकरू. आवृत्ती ड.' म्हणजे याआधी अ, ब आणि क होऊन गेल्या होत्या आणि मला त्यांचा पत्ताच नव्हता.

"महिनाअखेरपर्यंत बघ कुठं तरी," अण्णा म्हणाले. "मी काय रागावलेलो नाही. पण डाग एकोणीस झालेत की रे."

अण्णा म्हणजे माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. मूळचे निपाणीकडचे, पण एका सरकारी कारखान्यात तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते आणि बंगळूरचेच होऊन गेले होते. मराठी बोलताना मध्येच कन्नड यायचं, कन्नड बोलताना मध्येच मराठी, आणि रागावले की दोन्ही भाषा जाऊन नुसते आकडे उरायचे. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर "ड्रॉइंग पास झालं नाही" एवढंच सांगायचे. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी पुण्याहून तिकडे गेलेल्या माझ्यासारख्या पोराला मराठी बोलणारा घरमालक मिळाला, तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली होती. तिला बिचारीला काय माहीत.

त्यांच्या डोळ्याला सूतभरसुद्धा फरक सहन व्हायचा नाही. हॉटेलात इडली आली की ते ताटली डोळ्यांच्या रेषेत उचलून धरायचे आणि वेटरला कन्नडात समजावून सांगायचे, की ही डावीकडे दोन सूत जास्त फुगली आहे. बदलून मागायचे नाहीत, खायचे, पण सांगायचे. माझ्या आंघोळीच्या बादलीत आतल्या बाजूनं त्यांनी रेघ मारून ठेवली होती. "डोळ्याला पटतं म्हणून बरोबर असतंय असं नाही. पट्टीला विचारायचं," हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी ऐकायचो.

रोज पहाटे साडेपाचला ते उंबऱ्याबाहेर रांगोळी काढायचे. आपल्याकडे पुरुषमाणसानं रोज दारात बसून रांगोळी काढणं जरा विचित्रच. मी पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा मला वाटलं, काही तरी सांडलंय आणि ते वेचतायत. एकवीस ठिपके, एकवीस ओळी, पट्टी न लावता, आणि सगळी अंतरं सारखी. विचारलं तर म्हणाले, "मी रिटायर झालो. हाताला कशाला रिटायर करायचं?" गल्लीतल्या बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या म्हणे. मी राहायला गेलो तोवर त्याच बायका सकाळी वही घेऊन फाटकाशी उभ्या असायच्या. अण्णांचा हट्ट एकच होता. रांगोळीवर कुणाचा पाय पडता कामा नये. कारखान्यात ड्रॉइंगवर कुणी पाय दिला असता का, असं ते विचारायचे आणि उत्तराची वाट बघायचे.

घरात तिसरा प्राणी होता तो म्हणजे फोरमन. निवृत्तीच्या समारंभात अण्णांना सगळ्यांनी मिळून शाल आणि घड्याळ दिलं, आणि आनेकलहून रोज बसनं कामाला येणाऱ्या एका सहकाऱ्यानं टोपलीतून सशाचं पिल्लू आणून दिलं. पांढरं, एका कानावर राखाडी ठिपका. दिवसभर इकडून तिकडे फिरायचं, प्रत्येक वस्तूला नाक लावायचं आणि स्वतः काही करायचं नाही, म्हणून नाव फोरमन. अण्णा त्याच्याशी कन्नडात बोलायचे. मी एकदा मराठीत हाक मारली तर म्हणाले, "त्याला कळत नाही ते. आनेकलचा आहे."

फोरमनच्या शिस्तीचा त्यांना भयंकर अभिमान. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नकाशे ठेवायच्या जुन्या कपाटाचा एक लाकडी खण ठेवलेला असायचा. त्यात वर्तमानपत्र अंथरलेलं, आणि फोरमन त्यात उडी मारून लघवीला जायचा. इतर कुठे म्हणजे कुठे करायचा नाही. पाहुणे आले की चहाच्या आधी त्यांना तो खण बघायला लागायचा. बायकांना, म्हाताऱ्यांना, एकदा तर वीजमंडळाच्या माणसालाही. "बघा, ससा आहे. आणि माणसं बघा," असं म्हणून ते खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बोट दाखवायचे, कारण त्या भिंतीशी येणारे जाणारे उभे राहायचे.

आता माझ्या पापाकडे येतो. राहायला गेलो त्या रात्री अण्णांनी मला जेवायला बसवलं आणि ताटात मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, वाढला. क्रिकेटच्या चेंडूएवढा, तपकिरी, चकचकीत. "चावायचा नाही, सारात बुडवून गिळायचा," अशी सूचनाही दिली. मी गिळला. डोळ्यांत पाणी आलं. अण्णांनी विचारलं, "कसा लागला?" मी पुण्याचा. आमच्याकडे खोटं बोलत नाहीत असं आम्ही सांगतो. मी म्हणालो, "फारच छान."

त्या एका 'फारच'पायी मला मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असा आठवड्यातून तीनदा मुद्दे मिळू लागला. अण्णा वाढून सार आणायला आत वळले की मी तो रुमालात गुंडाळायचो. दुसऱ्या दिवशी त्याचे वाळलेले तुकडे मागच्या अंगणात फोरमनला द्यायचो. तो कुरुम कुरुम करत खायचा आणि आणखी मागायचा. त्या घरात माझ्यावर मनापासून खूश असलेला तो एकटाच होता.

पावसाळा संपता संपता हॉलच्या लाल जमिनीवर पांढरे डाग दिसायला लागले. वाटोळे, कोरडे, बोटाला भुकटी लागेल असे. अण्णांनी पहिल्या दिवशी पुसले, दुसऱ्या दिवशी पुसले आणि तिसऱ्या दिवशी चष्मा पुसला. रांगोळी दारात, डाग हॉलमध्ये, आणि त्या दारातून ये-जा करणारा बूटवाला माणूस एकच. मी शपथेवर सांगितलं, की मी रांगोळीवरून उडी मारून जातो. त्यांनी मला हॉलमध्ये चालायला लावलं, माझी ढांग मोजली आणि म्हणाले, "दोन फूट तीन इंच. डाग बघ, दोन फूट तीन इंच, दोन फूट चार इंच. स्वल्प फरक आहे, पण तो घाईचा."

मी रोज बूट हातात घेऊन फाटकापर्यंत अनवाणी जाऊ लागलो. कंपनीच्या बसमधली माणसं बघायची. डाग वाढतच होते. एक गोष्ट आम्हा दोघांच्याही नजरेसमोर होती आणि दोघांनाही दिसली नाही. फोरमनच्या खणातलं वर्तमानपत्र कोरडं राहायला लागलं होतं. अण्णांनी त्याचाही अर्थ लावला. आता तो बाहेर बागेत जातो, म्हणजे शिस्त आणखी वाढली. वास आला असता तर कळलं असतं, पण अण्णा तपकीर ओढायचे, तीही निपाणीहून मागवलेली. त्यांच्या नाकाला तीस वर्षांत कशाचा वास आला नव्हता. मला यायचा, पण मला वाटायचं त्यांच्या उदबत्तीचाच आहे. घरमालकाला उदबत्तीबद्दल काय बोलणार?

नोटीस मिळाली त्या आठवड्यात गुरुवारी तार आली. निपाणीला अण्णांचे एक चुलते वारले होते. दहा दिवस सुतक. शुक्रवारपासून दारातली रांगोळी बंद झाली. वहीवाल्या बायका फाटकावरूनच परत गेल्या. शनिवारी संध्याकाळी अण्णांनी स्वतः हॉल पाण्यानं धुऊन काढला, कोपरे फडक्यानं पुसले, आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बघू या आता.

रविवारी सकाळी मी दात घासत बाहेर आलो तर अण्णा हॉलच्या मधोमध उकिडवे बसले होते. समोर पाच ताजे पांढरे डाग. त्यांच्या हातात पट्टी होती, पण ते मोजत नव्हते.

"अण्णा," मी म्हणालो, "तीन दिवस रांगोळीच नाही."

"तेच बघायलोय."

जिंकल्याचा आनंद मला झाला, खोटं कशाला सांगू. तो जेमतेम मिनिटभर टिकला. कारण तेवढ्यात फोरमन सोफ्याखालून बाहेर आला. चालणं अवघडलेलं होतं. आमच्या दोघांच्या मध्ये येऊन त्यानं पाठ वाकवली, शेपूट वर उचललं, आणि तसाच थांबला. कितीतरी वेळ थांबला. अंगभर थरथर चालली होती. मग खाली एक थेंब पडला. पाण्यासारखा नव्हता, घट्ट होता, चुन्याच्या निवळीत तळाशी साका असतो तसा. फोरमन तिथून सरकला आणि दोन ढांगांवर जाऊन पुन्हा तसाच बसला. या वेळी काहीच आलं नाही.

अण्णांनी रात्रीच्या सुकलेल्या डागावर बोट घासलं, दोन बोटांत भुकटी चोळून पाहिली. रोज पहाटे जी भुकटी त्यांच्या चिमटीतून सुटायची तिच्यासारखीच लागत असणार. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माझी बाजू खरी ठरली होती आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

जे. पी. नगरला एक डॉक्टर घरीच जनावरं तपासायचे असं समोरच्यांनी सांगितलं. रिक्षात फोरमन भाजीच्या टोपलीत, टोपली माझ्या मांडीवर, आणि अण्णांच्या काखेत ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. कागदपत्रं घेतल्याशिवाय अण्णा कुठे जात नसत, हे मला माहीत होतं. तरी या प्रसंगी माझ्याविरुद्धचे पुरावे कशाला, हे कळेना. राजाजीनगर ते जे. पी. नगर म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. प्रत्येक खड्ड्याला अण्णा रिक्षावाल्याला "स्वल्प निधान, स्वल्प निधान" म्हणत होते. सावकाश, सावकाश. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी त्याआधी ऐकला नव्हता.

डॉक्टर कन्नडात बोलत होते आणि अण्णा मला मराठीत सांगत होते. डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं, की गाई-म्हशी आणि कुत्री हे त्यांचं रोजचं काम. ससे कमीच बघितलेत. मला हा माणूस तिथेच आवडला. त्यांनी फोरमनचं पोट हलक्या हातानं चाचपलं आणि विचारलं, केव्हापासून? किती वेळा जातो? एका वेळी किती होते?

अण्णांनी गुंडाळी सोडली. अ, ब, क, ड, चारही आवृत्त्या टेबलावर पसरल्या. पहिल्या कागदावर चार डाग, मोठे. दुसऱ्यावर आठ. तिसऱ्यावर तेरा. चौथ्यावर एकोणीस, आणि प्रत्येकाचा व्यास सुतांत लिहिलेला, आवृत्तीगणिक कमी होत गेलेला. डॉक्टर वाकून बघत राहिले. खेपा वाढत गेल्या आणि धार कमी होत गेली, हे कुणीही न बोलता तिथे दिसत होतं. ते म्हणाले, माझ्याकडे माणसं 'कालपासून' एवढंच सांगतात. असा केसपेपर मी पहिल्यांदा बघतोय. कोपऱ्यातल्या चौकटीत 'जबाबदार : भाडेकरू' लिहिलं होतं, त्यावर अण्णांनी अंगठा ठेवला होता.

मग डॉक्टरांनी खणाच्या भिंतीची उंची विचारली. "साडेसात इंच," अण्णा लगेच म्हणाले. डॉक्टर म्हणाले, मूत्राशय गाळानं भरलंय, पोट दुखतंय, अशात साडेसात इंच उडी कोण मारेल? ससा नेमलेली जागा सोडतो तेव्हा बहुतेक वेळा तो काहीतरी सांगत असतो. खाण्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, जास्त गेला की सशाच्या शरीरातून तो लघवीवाटे बाहेर पडतो, आणि पाणी कमी प्यायला की तळाशी साचतो. काय खायला घालता?

अण्णांनी यादी सांगितली. गाजर थोडं, कोबी थोडा, आणि नुग्गे सोप्पु, म्हणजे मागच्या झाडाचा शेवग्याचा पाला, रोज दोन मुठी, हाडं बळकट व्हावीत म्हणून. डॉक्टरांनी मान हलवली. "मत्ते?" आणखी?

"एनू इल्ल," अण्णा म्हणाले. काही नाही.

डॉक्टर अजून विचारात होते. मला कन्नड येत नव्हतं, डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, गप्प राहिलो असतो तर जन्मात कुणाला कळलं नसतं. टोपलीत फोरमन डोळे अर्धे मिटून बसला होता. मी म्हणालो, "रागी मुद्दे." या दोन शब्दांना दुभाषा लागत नाही. अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"सगळे म्हंजे?"

"तुम्ही वाढलेले सगळे, अण्णा. पहिला सोडून."

नाचणी आणि शेवगा, दोन्हींत चुना ठासून भरलेला. आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांना न सांगता, त्या सशाच्या पोटात भिंतीला पुरेल एवढा चुना घातला होता. डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला सांगितलं. हिरवं आणि वाळकं गवत हवं तेवढं, पसरट भांड्यात भरपूर पाणी आणि दिवसभर हिंडणं-फिरणं. त्यांनी सावकाश दाबून थोडा गाळ काढला, कातडीखाली सलाइन दिलं, दुखायचं थांबेल असं इंजेक्शन दिलं. आणि मग अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून कन्नडात काही तरी बोलले. रिक्षात बसल्यावर अण्णांनी मला मराठीत सांगितलं. दिवेलागणीपर्यंत त्याची त्याला मोकळी लघवी झाली तर जगला. नाही झाली तर पोट उघडायला पाहिजे, आणि सशाला भूल दिली की तो उठेलच असं काय सांगता येत नाही.

घरी आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अण्णांनी करवत काढली आणि खणाची पुढची भिंत कापायला बसले. रेघ आखली नाही. कापलेली कड वाकडी आली, तीही त्यांनी तशीच ठेवली. मी गवळ्याकडून गवत आणलं, फोरमनपुढे ठेवलं. त्यानं तोंड लावलं नाही. अण्णांनी परातीत पाणी भरून आणलं आणि बोट बुडवून त्याच्या ओठाला लावत राहिले. काही वेळानं तो बोट चाटायला लागला, मग परातीतून पाणी प्यायला. आम्ही दोघं जमिनीवर, भिंतीला टेकून. जेवायचं कुणालाच सुचलं नाही.

"तुला आवडत नव्हतं तर सांगायचं की," अण्णा म्हणाले.

"तुम्ही एवढं प्रेमानं करत होता."

"प्रेमानं कसलं? आम्ही निपाणीची माणसं, जोंधळ्याची भाकरी खाणारी. मला तरी कुठं गिळतंय ते? तू पहिल्याच दिवशी 'फारच छान' म्हणालास. म्हटलं, पोरगं आईबापापासून लांब आलंय, आवडतंय तर करू या. पहिल्या दिवशीचा शेजारच्या अक्कांनी दिलेला होता, मग त्यांच्याकडं चार दिवस जाऊन शिकलो मी ते. माझा मी ताकाबरोबर ढकलत होतो."

मला आधी हसू आलं आणि मग लक्षात आलं, की आठवड्यातून तीनदा हा साठीचा माणूस माझ्यासाठी पातेल्यात लाकडी दांड्यानं पीठ घोटत होता, आणि मी ते रुमालात बांधून नेत होतो. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "मी तुला घर सोड म्हणालो ते त्याहून वाईट. पट्टीनं मोजलं आणि चुकीचं मोजलं. ते ऱ्हाऊ दे. आता हा उठू दे म्हंजे झालं."

चार वाजले. पाच वाजले. फोरमननं गवताची दोन पाती खाल्ली. खणाच्या कापलेल्या कडेपाशी गेला, वास घेतला, परत आला. आम्ही दोघंही श्वास धरून बसलो होतो, तो सोडला. बाहेर शाळेच्या मैदानावरून परतणाऱ्या पोरांचा आवाज यायला लागला, म्हणजे दिवे लागायला फार वेळ राहिला नव्हता. अण्णांनी फोरमनला उचलून मांडीवर घेतलं. त्यांचं धोतर नेहमी परीटघडीचं, त्यावर एक सुरकुती चालायची नाही. ते त्याच्या पाठीवरून हात फिरवत कन्नडात पुटपुटत होते. मला अर्थ कळत नव्हता, पण विनवणी कोणत्याही भाषेत कळते. मी खिडकीबाहेर बघत बसलो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि सशासाठी रडताना कुणी बघावं असं माझं वय नव्हतं.

"अरे," अण्णा एकदम म्हणाले.

मी वळलो. फोरमननं त्यांच्या मांडीवर पाठ वाकवली होती, शेपूट वर. धोतरावर एक ओला ठिपका उमटला. बघता बघता तो रुपयाएवढा झाला, मग ताटलीएवढा. गढूळ, पिवळट पाणी मांडीवरून ओघळून जमिनीवर टपकायला लागलं. अण्णा जागचे हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हात हवेत वर धरले होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं ते पुसायलाही ते हात खाली आणत नव्हते.

मी धावत जाऊन फडकं आणलं. "अण्णा, धोतर..."

"गप बस की रे," ते कुजबुजले. "चालू आहे अजून."